पाण्याचा हिशेब झाला, सांडपाण्याचे काय?

सूर्या प्रकल्पातून शहराला किती पाणी मिळणार, याची चर्चा मीरा-भाईंदरमध्ये वर्षानुवर्षे झाली. तेच पाणी वापरून झाल्यावर कोठे जाणार, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत मागेच राहिला. भाईंदर पश्चिमेच्या खाडीकाठच्या गावांना या बाबतीत बांधीव पाणथळीचा मार्ग कितपत उपयोगी पडेल, याचा हा विचार.

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेला उतरून उत्तनकडे जाणारी बस धरली, की एकाच महापालिकेच्या हद्दीतील दोन निराळी जगे पाहायला मिळतात. आरंभी स्थानकाभोवतीची दाट वस्ती, इमारतीला खेटून इमारत आणि दुकानांची रांग. ती संपता संपता मुर्धा, राई, मोर्वा ही जुनी गावे लागतात. त्यांच्या कडेने खाजणाच्या जमिनी, मिठागरांचे बांध आणि खारफुटी दिसू लागते. पुढे डोंगरी, आणि अखेरीस उत्तन, पाली, चौक हा कोळ्यांचा किनारा. तेथे हंगामात बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकत असतात. या दोन्ही जगांचे नगरसेवक एकाच सभागृहात बसतात, दोन्हींचा कर एकाच तिजोरीत जमा होतो आणि दोन्हींचे सांडपाणी अखेर एकाच खाडीला व समुद्राला मिळते.

हे शहर फार वेगाने वाढले. १९८५ मध्ये पाच ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद स्थापन झाली. पुढे राई-मुर्धे, डोंगरी, उत्तन, वरसावे या ग्रामपंचायती तीत आल्या आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महापालिका अस्तित्वात आली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. एवढ्या माणसांना पाणी पुरवणे हाच येथील राजकारणाचा अनेक वर्षे मुख्य विषय राहिला आणि ते स्वाभाविकही होते. ज्या शहरात नळाला पाणी कधी येईल याची खात्री नसते, तेथे मोरीतून गेलेल्या पाण्याची चिंता कोण करणार?

परंतु आता ती करावी लागणार आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेची एकूण क्षमता रोज ४०३ दशलक्ष लिटर असून त्यातील १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी, तर २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी ठरलेले आहे. घरगुती पाण्यापैकी साधारण ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे गृहीत धरूनच अभियंते आपल्याकडे गटारांची आखणी करतात. त्या हिशेबाने केवळ सूर्याच्या पाण्यातून रोज सुमारे १७४ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होईल. इतर स्रोतांतून मिळणाऱ्या पाण्याचे सांडपाणी यात धरलेले नाही. ज्या पालघर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी हे पाणी शहरांकडे वळवण्यास विरोध केला, त्यांच्या दृष्टीने तर हा प्रश्न अधिकच टोकदार आहे. त्यांच्या शिवारातून निघालेले पाणी एकदा वापरून घाण करून खाडीत सोडून द्यायचे, याचे समर्थन कोणत्या तोंडाने करायचे?

क्षमता कागदावर, पाणी नाल्यात

शुद्धीकरण केंद्रे बांधली की प्रश्न सुटतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. आकडे तसे सांगत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते. ते शुद्ध करण्याची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर, आणि प्रत्यक्षात शुद्ध होणारे पाणी २०,२३६ दशलक्ष लिटर. म्हणजे शंभरातील जेमतेम अठ्ठावीस लिटर. महाराष्ट्राची स्थिती देशाच्या सरासरीहून बरी असली, तरी समाधान मानावे अशी नाही. याच आढाव्यात राज्याचे सांडपाणी रोज ९,१०७ दशलक्ष लिटर, उभारलेली क्षमता ६,८९० आणि प्रत्यक्ष वापर ४,२४२ दशलक्ष लिटर दाखवला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने घनकचरा व सांडपाण्याच्या व्यवस्थेतील कुचराईबद्दल राज्याला सुमारे बारा हजार कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई ठोठावली. तिच्यातील सिंहाचा वाटा सांडपाण्याचाच होता.

उभारलेली क्षमता आणि प्रत्यक्ष वापर यांत एवढे अंतर का पडते, हे समजून घेतले पाहिजे. शुद्धीकरण केंद्र हा रोज चोवीस तास चालवण्याचा कारखाना आहे. पंप, हवा पुरवणारी यंत्रे, प्रशिक्षित माणसे आणि अखंड वीज यांवर तो अवलंबून असतो. त्याहूनही मोठी अडचण केंद्राबाहेरची आहे. घराघरातील सांडपाणी भुयारी वाहिनीला जोडले गेले नाही, तर केंद्र अर्धपोटी चालते आणि पाणी नेहमीच्या वाटेने नाल्यात जाते. मीरा-भाईंदरने नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाच्या काळात भुयारी गटार योजना हाती घेतली, तेव्हा एकच मोठे केंद्र न बांधता शहराचे विभाग पाडून ठिकठिकाणी केंद्रे उभारण्याचे धोरण ठेवले. सखल आणि सपाट शहरात पाणी लांबवर उपसत नेण्यापेक्षा हे शहाणपणाचे होते. तथापि, दाट वस्तीत वाहिनीच्या प्रत्येक मीटरमागे जितकी घरे जोडली जातात, तितकी राई-मुर्ध्यापासून उत्तनपर्यंत विखुरलेल्या गावांत जोडली जात नाहीत. अरुंद गल्ल्या, उंचसखल जमीन, मध्येच खाजण आणि मध्येच खडक. येथे वाहिनीचा खर्च वाढतो आणि काम लांबते. वाहिनी पोचेपर्यंत सेप्टिक टाकीतून झिरपणारे पाणी विहिरीत, शेतात आणि खाडीत जात राहते.

बांधीव पाणथळीचा विचार करायचा तो नेमका येथे.

मुळांजवळचे काम

बांधीव किंवा कृत्रिम पाणथळ ही कल्पना समजायला अवघड नाही. प्रथम सांडपाणी एका टाकीत निवळू द्यायचे, म्हणजे जड गाळ तळाशी बसतो आणि तेलकट तवंग वर राहतो. मग ते पाणी तळाला न पाझरणारे अस्तर घातलेल्या उथळ खाचरात सोडायचे. या खाचरात खडी आणि वाळू भरलेली असते आणि तीत पाणकणीस, बोरू, कर्दळ अशा ओलीत वाढणाऱ्या वनस्पती लावलेल्या असतात. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालूनच सावकाश पुढे सरकते आणि दुसऱ्या टोकाला बरेचसे स्वच्छ होऊन बाहेर येते. पाणी वर उघडे राहत नसल्याने दुर्गंधी कमी असते आणि डासांना अंडी घालायला जागा मिळत नाही.

कर्दळ मैला खाऊन टाकते, असे याविषयी पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. खरे काम खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू करतात. वनस्पती त्यांना राहायला जागा देतात, मुळांवाटे थोडा प्राणवायू खाली पोचवतात, खडी मोकळी ठेवतात आणि नत्र व स्फुरदाचा काही हिस्सा स्वतः उचलतात. यांत्रिक केंद्रात जे जिवाणू पंप्याने हवा देऊन पोसावे लागतात, तेच येथे जवळजवळ विजेशिवाय वाढतात. विजेची बचत हा या पद्धतीचा सर्वात मोठा गुण असून त्याची किंमत ती जागेच्या रूपाने वसूल करते. त्याकडे पुढे वळू.

या पद्धतीचा उगम जर्मनीत आहे. प्लॉन येथील माक्स प्लांक संस्थेत केटे झाइडेल यांनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींकडून दूषित पाणी सुधारण्याचे प्रयोग सुरू केले. पुढे राइनहोल्ड किकुट यांनी मुळांच्या परिसराचा सिद्धांत मांडला आणि १९७४ मध्ये ओटफ्रेझेन या गावात त्यानुसार गावाचे सांडपाणी शुद्ध होऊ लागले. भारतात १९९० च्या दशकात भुवनेश्वरच्या सैनिक शाळेत अशी पाणथळ उभी राहिली. ती देशातील पहिल्या प्रयत्नांत गणली जाते. महाराष्ट्राशी या विषयाचे नाते आणखी जवळचे आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे आपल्या 'नीरी'ने, 'फायटोरिड' नावाने ही पद्धत येथील हवामानाला अनुरूप विकसित करून तिचे पेटंट घेतले. मुंबई विद्यापीठाच्या कालिना येथील संकुलात ती बसवली गेली. म्हणजे भाईंदरहून लोकलने तासाभराच्या अंतरावर. दिल्लीत पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने शेजारच्या कृषी कुंज वसाहतीचे रोजचे २२ लाख लिटर सांडपाणी सुमारे १.४२ हेक्टर पाणथळीतून शुद्ध करून आपल्या शेतीला वापरले. तेव्हा हे तंत्र आपल्या हवेत चालते की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते कोठे चालवायचे आणि कोठे नाही, हा खरा प्रश्न आहे.

जागेचे गणित

पुसा येथील आकडे आधारासाठी घेतले, तर रोजच्या दहा लाख लिटरमागे सुमारे पाऊण हेक्टरहून थोडी कमी जागा लागते. सूर्याच्या पाण्यातून निर्माण होणाऱ्या १७४ दशलक्ष लिटरसाठी याच प्रमाणाने ११० हेक्टरांहून अधिक जागा लागेल. शहराच्या एकूण ७९ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या हा केवळ दीड टक्का झाला, असे कागदावर म्हणता येईल. पण त्या ७९ चौरस किलोमीटरमध्ये खाडी, खारफुटी, मिठागरे आणि डोंगरही आले. ते वजा जाता उरलेल्या जमिनीचा भाव पाहता, एकशेदहा हेक्टर मोकळी सपाट जमीन सांडपाण्यासाठी राखून ठेवा, असे कोणत्याही आयुक्ताला सांगणे व्यर्थ आहे. यांत्रिक केंद्राला त्याच कामासाठी याच्या लहानशा अंशाएवढी जागा पुरते. तेव्हा स्थानकाभोवतीच्या दाट भाईंदरसाठी भुयारी वाहिन्या आणि यांत्रिक केंद्रे यांना पर्याय नाही, हे पाणथळीच्या समर्थकांनीही मोकळेपणाने मान्य करावे. पाणथळ हा सर्व रोगांवरचा उतारा आहे, असे भासवल्याने तिचेच नुकसान होते. एखादा भलत्या जागी केलेला प्रयोग फसतो आणि मग पद्धतच बदनाम होते.

गावांचे गणित मात्र निराळे आहे. उष्ण हवामानात पाणी वरून खाली झिरपवणाऱ्या पाणथळीला माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास, आणि पाणी आडवे वाहू देणाऱ्या साध्या पाणथळीला माणशी तीन चौरस मीटर जागा धरली जाते. पहिल्या प्रकाराला ठराविक वेळाने पाणी सोडणारी व्यवस्था आणि बरीच देखरेख लागते, दुसरा अधिक सोशिक असतो. म्हणजे दहा हजार वस्तीच्या गावाला प्रकारानुसार तीन ते साडेसात एकर जागा पुरेल. शंभर सदनिकांच्या गृहसंकुलाला लहानशा उद्यानाएवढी, पाच-सहाशे चौरस मीटर जागा पुरेल आणि वरून ते उद्यानच दिसेल. शिवाय ही जागा सलग असलीच पाहिजे असे नाही. दोन पाड्यांना दोन लहान पाणथळी बांधल्या, तर तेवढी वाहिनीही आखूड होते.

तिसरा उपयोग शेवटच्या पायरीचा. २०१९ मध्ये हरित लवादाने मोठ्या शहरांतील शुद्ध केलेल्या पाण्यासाठी कडक निकष ठरवले. त्यानुसार पाण्यातील सेंद्रिय घाणीचे माप असलेला बीओडी दर लिटरला दहा मिलिग्रॅमपर्यंत खाली यायला हवा. यांत्रिक केंद्रातून निघालेले पाणी खाडीत सोडण्यापूर्वी पाणथळीतून फिरवले, तर हा निकष गाठणे सोपे जाते. आधीच बऱ्यापैकी शुद्ध झालेल्या पाण्याला जागाही कमी लागते.

भरतीचे शहर

भाईंदरमध्ये हे करताना येथील भूगोल विसरून चालणार नाही. दिल्ली किंवा नागपूरचा आराखडा उचलून उत्तन रस्त्यावर बसवता येणार नाही, कारण येथील नाल्यांत दिवसातून दोनदा भरती चढते. खारे पाणी आत आले तर कर्दळीसारख्या गोड्या पाण्यातील वनस्पती कोमेजतात आणि जिवाणूंचे कामही मंदावते. भरतीच्या वेळी पाणी बाहेर पडायला वाट मिळत नाही. पावसाळ्यात तर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जेमतेम चार महिन्यांत कोसळतो. त्यातले पाणी सांडपाण्याच्या वाटेत शिरले, तर पाणथळ धुऊन निघते.

यावर उपाय आहेत आणि गंमत अशी, की त्यांतले काही येथल्याच मातीतले आहेत. ठाणे-रायगडच्या किनारपट्टीवरील आगरी शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या खाजणात भात पिकवला तो बांध आणि उघाडीच्या बळावर. ओहोटीला आपोआप उघडणारी आणि भरतीच्या रेट्याने बंद होणारी उघाडी म्हणजे पाण्याच्या पातळीचे नियंत्रणच होय. मिठागरातल्या कामगाराला तर एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत पाणी किती वेळ ठेवावे आणि केव्हा सोडावे, हे शिकवावे लागत नाही. उथळ खाचरांतून पाणी संथपणे पुढे नेण्याचे हे ज्ञान बांधीव पाणथळ सांभाळताना जसेच्या तसे कामी येणारे आहे. त्यापलीकडे, खाचराची पातळी सर्वात मोठ्या भरतीच्या रेषेच्या वर ठेवणे, पावसाच्या पाण्याला बगल देणारा चर खणणे आणि थोडा खारटपणा सोसणारे पाणकणीस व बोरू निवडणे, ही पथ्ये पाळावी लागतील. चीनमधील शेन्झेन येथे फुटियानच्या किनाऱ्यावर खारफुटीच्या जातीच बांधीव पाणथळीत लावून सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग झाले. आपल्या किनाऱ्यासाठी त्यांचा अभ्यास उपयोगी पडेल.

आणखी एक पथ्य कारखान्यांच्या बाबतीतले. भाईंदर हे स्टीलच्या भांड्यांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे आणि धातू चकाकवण्याच्या प्रक्रियेत आम्ले वापरली जातात. आम्ल आणि धातूयुक्त पाणी पाणथळीत सोडले तर जिवाणू मरतात आणि जड धातू खडीत व झाडांत साठत जातात. असे पाणी कारखान्याच्या आवारातच वेगळे शुद्ध झाले पाहिजे. पाणथळ ही घरगुती सांडपाण्यासाठी आहे, याची सक्त अंमलबजावणी हवी.

खारफुटी म्हणजे गटार नव्हे

या विषयात एक धोकाही दडलेला आहे आणि त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. पाणथळ जर सांडपाणी शुद्ध करते, तर खाडीत आणि खारफुटीत सोडलेले पाणी आपोआप शुद्ध होतच असेल, मग वेगळा खर्च कशाला, असा युक्तिवाद कोणीही करू शकेल. तो घातक आहे. बांधीव पाणथळीला अस्तर असते, आत किती पाणी येते आणि बाहेर कसे पडते हे मोजता येते, गाळ काढता येतो, बिघाड झाला तर ती बंद करता येते. नैसर्गिक खारफुटीत यांतले काहीही शक्य नसते. तिच्यावर प्रमाणाबाहेर मैला टाकला, की चिखलातील प्राणवायू संपतो आणि त्या चिखलात वाढणारी मासळीची पिल्ले, कोळंबी व चिंबोरी नाहीशी होतात. त्याची झळ सर्वप्रथम किनाऱ्याजवळ जाळे टाकणाऱ्या लहान कोळ्याला बसते. मोठी बोट खोल समुद्रात जाऊ शकते, त्याची होडी जाऊ शकत नाही.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांनुसार अधिसूचित पाणथळीत शहरांचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडण्यास मनाई आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिलेल्या निकालात खारफुटीचा विनाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरील आघात ठरवला आणि खारफुटीभोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्याचे बंधन कायम केले. तेव्हा सांडपाणी शुद्ध करण्याच्या नावाखाली खारफुटी तोडून पाणथळ बांधणे, हा तर शुद्ध विनोद ठरेल. दुसरीकडे हेही लक्षात ठेवले पाहिजे, की याच नियमांच्या व्याख्येतून मीठ पिकवण्यासाठी बांधलेली आगरे वगळलेली आहेत. मिठागरांच्या जमिनीवर कोणाकोणाचा डोळा आहे, हे भाईंदरकरांना सांगायला नको. त्या जमिनीचा काही भाग सांडपाण्याच्या शेवटच्या पायरीसाठी राखला गेला, तर ती ओली आणि मोकळी राहील. मात्र किनारा नियमन क्षेत्राच्या चौकटीत आणि उघड सुनावणीनंतरच हे व्हायला हवे, अन्यथा 'पाणथळ' हा भराव टाकण्यापूर्वीचा पहिला टप्पा ठरायला वेळ लागणार नाही.

कोलकात्याचा अनुभव येथे बोलका आहे. त्या शहराच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरांचा पाणथळ प्रदेश असून शहराचे सांडपाणी तेथील उथळ तळ्यांत ऊन आणि शेवाळाच्या साहाय्याने सुधारते. त्याच पाण्यावर मत्स्यशेती होते आणि भाजीपाला पिकतो. ही व्यवस्था तेथील मच्छीमार व शेतकऱ्यांनी अनुभवातून घडवली. ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने तिचे महत्त्व जगापुढे मांडले आणि २००२ मध्ये तिला रामसर यादीत स्थान मिळाले. तरीही बांधकामांचा रेटा थांबलेला नाही. तिला आजवर तारले ते केवळ आंतरराष्ट्रीय मान्यतेने नव्हे. हजारो कुटुंबांची चूल त्या पाण्यावर पेटते आणि ती कुटुंबे तिची राखण करतात, हे त्यामागचे बळ आहे.

निगा कोण राखणार?

हाच मुद्दा भाईंदरच्या संदर्भात निर्णायक ठरतो. बांधीव पाणथळीला वीज लागत नाही, याचा अर्थ तिला माणूस लागत नाही असा काढला जातो आणि तेथेच अनेक ठिकाणचे प्रकल्प बारगळतात. निवळण टाकीतला गाळ वेळेवर उपसला नाही, तर तो खडीत जाऊन बसतो. खडी तुंबली, की पाणी वर येते, मग दुर्गंधी आणि डास. वनस्पती ठराविक काळाने कापाव्या लागतात, तण काढावे लागते, पाणी तपासावे लागते. ही कामे अवघड नाहीत, पण ती नेमून दिलेल्या माणसाची असावी लागतात. उद्घाटनाच्या दिवशी हिरवीगार दिसणारी पाणथळ तीन वर्षांनी कचऱ्याचे मैदान झालेली असते, ती याच कारणाने. उभारणीला निधी मिळतो, देखभालीला शीर्षकच नसते.

म्हणून या कामात गावांचा हात हवा. राई, मुर्धा, मोर्वा येथील ग्रामस्थांना न विचारता तेथे काही आणणे किती अवघड आहे, हे मेट्रोच्या कारशेडवरून दिसून आलेच आहे. ग्रामस्थांच्या विरोधानंतर कारशेड डोंगरीकडे हलवण्यात आली आणि तेथे झाडांवरून नवा वाद उभा राहिला. 'शहराची घाण आमच्या दारात नको' ही भावना या गावांत तीव्र आहे, आणि शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जात आल्याने तिला आधारही आहे. तेव्हा पहिली अट अशी हवी, की गावातील पाणथळीत त्या गावाचेच सांडपाणी येईल, शहराचे नाही. दुसरी, शुद्ध झालेले पाणी गावाच्या बागायतीला आणि शेताला आधी मिळेल. हे पाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांसाठी वापरायचे नाही, हे पथ्य सांगून आणि पाळून. तिसरी, पाणथळीची निगा राखण्याचे काम स्थानिक बचत गटांना किंवा मिठागरांवर काम केलेल्या कुटुंबांना ठराविक मोबदल्यावर दिले जाईल. चौथी, पाण्याच्या तपासणीचे निकाल दर महिन्याला गावाच्या चावडीवर लावले जातील. राखणदार गावातला असला, तर पाणथळीवर भराव टाकणाऱ्या डंपरला अडवणाराही गावातलाच असेल.

महापालिकेसाठी कामाचा क्रमही यातून स्पष्ट होतो. प्रथम, ज्या घरांपर्यंत भुयारी वाहिनी नजीकच्या काळात पोचणार नाही, त्यांची गावनिहाय यादी जाहीर करावी. त्यानंतर त्या गावांत महापालिकेच्या किंवा शासनाच्या मालकीची, भरतीरेषेच्या वरची आणि खारफुटीपासून नियमाप्रमाणे दूर असलेली दोन-चार एकरांची जागा शोधून विकास आराखड्यात तिच्यावर आरक्षण टाकावे. मग एकाच गावात, नीरीच्या मार्गदर्शनाखाली, एक पाणथळ बांधून निदान दोन पावसाळे ती चालवून पाहावी आणि तिचे आकडे, चांगले-वाईट दोन्ही, लोकांपुढे ठेवावेत. देखभालीची तरतूद पहिल्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षकाखाली असावी. या साऱ्याला लागणारा पैसा मोठ्या केंद्रांच्या तुलनेत किरकोळ आहे. दुर्मीळ आहे ती जागा, आणि ती दरवर्षी कमी होत चालली आहे.

येथे घाई करण्याचे कारण तेच आहे. यंत्रे उद्याही विकत घेता येतील. तीन एकर मोकळी जमीन एकदा इमारतीखाली गेली, की ती परत मिळत नाही. सूर्याचे पाणी आले की बांधकामांना वेग येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. नळजोडणीबरोबर सांडपाण्याचा मार्ग दाखवण्याची सक्ती आणि गावागावांतील पाणथळीच्या जागांचे आरक्षण, हे दोन निर्णय आज झाले, तर ते पाणी खाडीत जाण्यापूर्वी गावाच्या उपयोगी पडेल. ते झाले नाहीत, तर दूरवरच्या धरणातून एवढ्या खटपटीने आणलेले पाणी राईच्या खाजणातून आणि उत्तनच्या किनाऱ्यावरून काळे होऊन वाहत जाईल, आणि त्याची किंमत ज्यांच्या नळाला ते सर्वात शेवटी पोचेल, तेच मोजतील.